'फास्ट' मुळात घट्ट!

इंग्रजी 'फास्ट' या शब्दाबद्दल 'फास्ट म्हणजे जलद, बाकीचे अर्थ नंतर चिकटले' असं कुणीतरी म्हटलंय. खरं तर उलटं आहे. जुन्या इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे घट्ट, पक्कं, न हलणारं. वेगाचा अर्थ मागाहून आला. नेटाने धावणं, अंतर न सोडता मागे लागणं यातून तो आला असं मानतात.

माझ्या आजीला इंग्रजी येत नव्हतं. पण लक्ष्मी रोडवर लुगडं घेताना ती ओला रुमाल पदराच्या टोकावर घासायची, रुमाल उजेडात धरायची आणि विचारायची, "रंग फास्ट आहे ना?" तो फास्ट हाच, जुना. गाढ झोपेचा 'फास्ट अस्लीप' तसाच. उपासाचा 'फास्ट'सुद्धा त्याच मुळाचा: नेम घट्ट धरणं. (हे मला नेमकं चतुर्थीलाच कळलं, फार आनंद झाला होता.)

म्हणून मुलांना एकच अर्थ शिकवू नका, ही कळकळीची विनंती. शिकवणीतल्या एका मुलाने 'स्टँड फास्ट'चं 'लवकर उभे राहा' केलं होतं. त्याला मी 'पाय रोवून उभे राहा' असं सांगितलं, तर लगेच म्हणाला, "म्हणजे कबड्डीत राहतो तसं?" अगदी तसंच.