मदत हवी आहे : आर्चबिशप याकुब श्विंका यांच्या १२८५च्या नियमांचा अनुवाद

पोलंडमधल्या ग्निएझ्नोचे आर्चबिशप याकुब श्विंका (१२८३–१३१४) यांच्यावर लेख लिहितेय. त्यांनी १२९५मध्ये प्शेमिसव दुसरा याला राज्याभिषेक केला, दोनशेहून अधिक वर्षांनी पोलंडला राजा मिळाला, ही माहिती सहज मिळते. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांनी १२८५मध्ये वेंचित्सा या गावी भरवलेली धर्मसभा (चर्चच्या धर्माधिकाऱ्यांची बैठक) आणि तिचे नियम : प्रार्थना लोकांना पोलिशमध्ये समजावाव्यात, पोलिश न येणाऱ्याला शाळेत शिक्षक नेमू नये!

विश्वकोश, इंग्रजीतले इतिहासग्रंथ पाहिले. सगळीकडे एका वाक्यात सारांश. मूळ नियम लॅटिनमध्ये. मला लॅटिन, पोलिश येत नाही, जर्मन वाचता येतं. यांत्रिक भाषांतर नको.

या नियमांचा पूर्ण इंग्रजी किंवा जर्मन अनुवाद कुठे मिळेल? आणि शिक्षकांची अट सगळ्याच शाळांना होती, की फक्त कॅथेड्रल व मठांच्या शाळांना?