अनुभव धागा : फॅनफिक्शन लिहिताना पात्रांचा विनोद कसा जमवलात?

लाडकी पात्रं उसनी घेऊन गोष्ट लिहायची म्हटलं की नाव, गाव, सवयी सगळं जमतं. विनोद मात्र सगळ्यांच्या तोंडी आपलाच येतो. माझ्या हॅरी पॉटरच्या कथेत कडवट मास्तर स्नेप आणि आपल्याच तंद्रीत असणारी लूना दोघंही माझ्यासारख्याच कोट्या करत होते. हल्ली मी संवादापुढची नावं झाकून वाचते. कोण बोललं ते कळलं नाही तर ओळ काढून टाकते. स्नेपला टोचायला समोर कुणीतरी लागतं, आणि लूनाच्या तर गावीही नसतं की आपण काही गमतीचं बोललो. तुमचं कसं झालं? फसलेलंही लिहा, मला तेच जास्त हवंय.

सांगलीहून
चि. वि. जोशींचे चिमणराव आपल्या कथा स्वतः सांगतात, तेही अगदी गंभीरपणे. मी त्यांना ऑनलाइन वीजबिल भरायला बसवलं आणि दर दोन ओळींना कोटी करायला लावली. आजीला वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "अरे, चिमणराव कुठे विनोद करतात? त्यांच्यावर प्रसंग येतो!" सगळ्या कोट्या उडवल्या. आता ओटीपी कुणालाही सांगू नये हा नियम चिमणराव इतका मनावर घेतात की तो संगणकालाही सांगत नाहीत. बिल तसंच राहतं आणि त्यांची बायको काऊ मेणबत्ती शोधते. आजीने पदराने डोळे पुसले.

पुण्याहून
फास्टर फेणे. एका प्रकरणात त्याचा तो 'ट्टॉक' आवाज अकरा वेळा लिहिला होता. धाकट्या भावाने मोजून दाखवलं. आता एकच ठेवलाय, सुटका झाल्यावरचा.

ठाण्याहून
माझा अडला तो हॅरी पॉटरमधला जॉर्ज वीझली. सातव्या भागात (2007) त्याचा कान जातो आणि शुद्धीवर येताच तो त्यावर कोटी करतो. ती इंग्रजी शब्दाच्या उच्चारावर बेतलेली, मराठीत आणली की मरते. आठवडाभर अडून होतो. मग भाषांतराचा नाद सोडला आणि म्हटलं, जॉर्ज मराठीत वाढला असता तर? लिहिलं : "आईची बोलणी या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची सोय गेली की रे!" घायाळ झालेल्या मुलाने आईला रडू येऊ नये म्हणून केलेला विनोद आहे हा, म्हणून त्यात आई हवीच होती.

खरी परीक्षा पुढे होती. त्याच भागात त्याचा जुळा भाऊ फ्रेड मरतो. दोघं एकमेकांची वाक्यं पुरी करणारे. माझी गोष्ट त्या दोघांचं गमतीच्या वस्तूंचं दुकान पुन्हा उघडल्यानंतरची. जॉर्ज गिऱ्हाइकाला हसवायला नेहमीसारखं अर्धं वाक्य टाकतो आणि सवयीने थांबतो. उरलेलं अर्धं धाकटा भाऊ रॉन बोलतो, चुकीचं, अजिबात न जमलेलं. जॉर्ज तरीही हसतो. तेवढ्या चार ओळींना मला दोन महिने लागले.