ट्रेकमध्ये ओढ्यात कॅमेरा सापडलाय, मालकापर्यंत कसा पोचवायचा?

पायवाट७: मंडळी, काल उतरताना ओढ्याकाठी दोन दगडांच्या फटीत एक पट्टा दिसला, ओढला तर छोटा डिजिटल कॅमेरा निघाला. पट्ट्यावर शेवाळ, लेन्सच्या आत वाळू, म्हणजे एक तरी पावसाळा काढला असणार त्याने. चार्ज करून बघू का? कुणाचे तरी खाजगी फोटो बघणं बरोबर वाटत नाही पण टाकून पण देववत नाहीये.
अजून एक, थोडं वर दरड कोसळली होती तिथे मातीतून मडक्याचा काठ डोकावत होता, त्यावर बोटाने दाबल्यासारखे खळगे. हात नाही लावला, फक्त फोटो काढला. उचलायला हवं होतं का?

डोंगरवेडा: चार्ज अजिबात करू नकोस!! बॅटरी आधी काढ, फुगली असेल तर वेगळी ठेव. कॅमेरा गेला समज पण आतलं मेमरी कार्ड बहुतेक वाचेल, त्यात फिरणारे भाग नसतात आणि चिप प्लास्टिकमध्ये बंद असते. स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने धू, दोन-तीन दिवस सावलीत वाळू दे, आणि कार्ड मोठं असेल तर कडेची ती इवलीशी पट्टी लॉकवर सरकवून मगच रीडरमध्ये घाल म्हणजे त्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही.
फोटो सगळे चाळायची गरज नाही, पाटी, गाडीचा नंबर, बॅगेवरचं नाव एवढंच शोध. चेहऱ्यांचे फोटो नेटवर टाकू नकोस प्लीज. फक्त जागा आणि साधारण तारीख टाक, कॅमेऱ्याचा रंग वगैरे सांगू नकोस, तो मालकाला सांगू दे.

मृद्गंध: मडक्याला हात लावला नाहीस ते फार बरं केलंस. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती हीच अर्धी माहिती असते, घरी आणली की ती गेली. १९९१ मध्ये आल्प्समध्ये ३२१० मीटरवर एका जोडप्याला बर्फात अडकलेला मृतदेह दिसला, सगळ्यांना वाटलं अलीकडेच गेलेला गिर्यारोहक असेल, म्हणून काढताना चक्क ड्रिल वापरलं आणि त्याच्या कंबरेला इजा झाली. तो निघाला साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, त्यालाच आता ओत्झी म्हणतात. घाई नडली. तुझ्या फोटोत मापासाठी काही ठेवलं होतंस का? चावी, पेन काहीही चालतं. लोकेशन आणि फोटो पुरातत्त्व खात्याला पाठव, पण इथे लोकेशन टाकू नकोस, लोक खणायला जातात.

भटकी: मला एकदा झाडीत फाटका रबरी फुगा, छोटं पॅराशूट आणि दोरीला पांढरा डबा सापडलेला, जाम घाबरले होते. हवामानाचा फुगा निघाला. साधारण ३० किमी वर जाऊन फुटतो आणि डबा पॅराशूटने खाली येतो, बऱ्याच डब्यांवर काय करायचं ते लिहिलेलं असतं. मात्र गंजलेलं, नळकांड्यासारखं जड लोखंड दिसलं तर जवळ जायचं नाही, जुना तोफगोळा किंवा बॉम्ब असू शकतो, आल्या वाटेने मागे फिरून पोलिसांना कळवायचं.

पायवाट७: सगळ्यांना थँक्स. मापासाठी काही ठेवलं नव्हतं पण एका फोटोत माझा बूट आलाय, तो चालेल ना? मडक्याचं आजच कळवतो. कार्ड चार दिवस वाळवून आत्ता लावलं, उघडलं!! पहिल्याच काही फोटोंत एका लहान मुलीच्या बॅगेला शाळेचं ओळखपत्र लटकलंय, झूम केल्यावर शाळेचं नाव वाचता येतंय. शाळेला फोन करून फक्त निरोप ठेवतो, बाकीचे फोटो बघत नाही.