मदत हवी आहे: सव्वानऊ महिन्यांची लेक डब्याच्या दुधाशिवाय काही घेत नाही

चिऊची आई

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आली.

लेक सव्वानऊ महिन्यांची आहे. माझी २६ आठवड्यांची रजा संपली तेव्हापासून डब्याचं दूध सुरू केलं. अंगावरचं आता फक्त रात्री निजताना, तेही नावापुरतं. आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जावं लागतं. धायरीहून निघाले की जाताना दीड तास, येताना देवाक काळजी. त्या दिवशी तिला सासूबाई आणि आबा (सासरे) बघतात आणि मनापासून बघतात. हे आधीच सांगते, नाहीतर हा सासू-सुनेचा धागा होईल.

सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण केलं. पहिले पंधरा दिवस नाचणीचं सत्त्व, मुगाच्या वरणाचं पाणी, गाजर-भोपळ्याची प्युरी सगळं चाटूनपुसून घ्यायची. आता चमचा दिसला की तोंड घट्ट मिटते. जबरदस्ती केली की ओकारी काढते. दिवसाला १८० मिलिच्या सहा बाटल्या होतात, कधी सात. त्यातल्या दोन रात्रीच्या. शी दोन-तीन दिवसांनी, तीही खडा. बिचारी लाल होऊन रडते.

गोवर-रुबेलाच्या डोसला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. वजन ८.६ किलो, छान आहे म्हणाले. "दूध कमी करा, जेवण वाढवा," एवढं सांगितलं आणि पुढचा नंबर आत. पण कमी म्हणजे किती? आधी दूध तोडायचं की आधी जेवण वाढवायचं? ती जेवतच नाही आणि मी दूधही तोडलं तर उपाशी राहील ना? सासूबाई म्हणतात, निदान पोटात काहीतरी जातंय ते जाऊ दे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं.

कोणी यातून गेलंय का?

कोथरूडची मावशी

गेलेय, दोनदा. मोठ्याच्या वेळी रडले, धाकटीच्या वेळी हसले.

अगं, १०८० मिलि दूध पोटात गेल्यावर जेवायला जागा कुठे उरते? या वयाला ५०० ते ६०० मिलिच्या आसपास पुरतं, असं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ९६० च्या वर तर फॉर्म्युला कुठल्याच वयाला जाऊ नये म्हणाले. तिची भूकच तुम्ही विकत घेताय, डब्याच्या भावाने. (डब्याचा भाव बघता महागात.)

मी एकदम तोडलं नाही. दर दोन-तीन दिवसांनी एकेका बाटलीतून ३० मिलि कमी करत गेले. सुरुवात रात्रीच्या दोन बाटल्यांपासून, कारण रात्री पोट भरलं की सकाळी नाश्त्याला नाकं मुरडली जातात. आणि एक नियम पाळला: जेवणाच्या आधी दोन तास बाटली नाही. रडली तर खेळवायचं, गॅलरीत न्यायचं, कावळा दाखवायचा. आमच्या दोघांच्या जेवणात कावळ्याचा वाटा मोठा आहे.

आमचा दिवस साधारण असा जायचा: सातला बाटली, साडेनऊला नाचणी किंवा रव्याची लापशी, साडेबाराला वरणभात, तीनला बाटली, पाचला फळ, सातला खिचडी, नऊला शेवटची बाटली. घड्याळ लावून बसू नकोस, पण दूध आणि जेवण एकमेकांच्या अंगावर येऊ देऊ नकोस.

आणि एक विचारते. तू सगळं मिक्सरमधून काढतेस का?

चिऊची आई

हो, सगळं. गुठळी आली की ओकारी येते म्हणून.

कोथरूडची मावशी

मग मिक्सर माळ्यावर टाक. नऊ महिन्यांच्या पोरीला खिरीसारखं गुळगुळीत दिलं तर तिने चावायला शिकायचं कधी? गुरगुट्या भात चमच्याने दाबून दे, पुढच्या आठवड्यात फक्त बोटाने मोड. जीभ बाहेर काढून थोडं ओकल्यासारखं करणं हा शिकण्याचाच भाग असतो, तोंड लाल होतं, आवाज येतो, पण घास पुढे सरकतो. घास अडकला तर मात्र आवाज बंद होतो. तो फरक ओळखायला शिक आणि जेवताना तिला कधीही एकटी सोडू नका. अख्खे दाणे, चणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचा तुकडा अजून काही वर्षं नाही. दाण्याचं कूट अगदी बारीक करून लापशीत चालतं, माझ्या दोघांना चाललं.

हातात पण दे काहीतरी. वाफवलेल्या रताळ्याची बोटाएवढी फोड, मऊ इडलीचा तुकडा, पिकलेलं केळं. निम्मं जमिनीवर जाईल. जाऊ दे.

सातारकर बाबा

एवढा खर्च आणि त्रास कशाला? डबा बंद करा, गाईचं दूध चालू करा. आम्ही सगळे त्यावरच वाढलो. पाणी घालून पातळ करायचं, साखर घालायची, बोंडल्याने पाजायचं. संपला विषय.

निवृत्त सिस्टर

सातारकर, तुम्ही वाढलात याचा आनंद आहे, पण हा सल्ला या मुलीला देऊ नका. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्यातलं कॅल्शियम आणि केसीन (दुधातलं प्रथिन) जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. या वयात आतड्यातून सूक्ष्म रक्तही जाऊ शकतं, डोळ्यांना दिसत नाही इतकं. दिसायला गुटगुटीत आणि पापणी उलटून बघितली तर पांढरीफटक, अशी दूधपिती बाळं वॉर्डात मी मोजता येणार नाहीत इतकी बघितली. दह्याचा चमचा, उपम्यात थोडं दूध हे चालतं. पण पिण्याचं मुख्य दूध म्हणून गाईचं-म्हशीचं वर्षानंतरच. साखर-मीठ वर्षभर नको, मध तर अजिबात नको. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्यांना बोटुलिझम होऊ शकतो.

आता चिऊची आई, तुम्ही मला आधी एक सांगा. बाटली कोण बनवतं, पाणी किती आणि चमचे किती? आणि आधी पाणी की आधी पावडर? खडा होणं, भूक नसणं आणि सारखी बाटली मागणं हे तिन्ही एकत्र असेल तर मी पहिल्यांदा हेच विचारते.

चिऊची आई

सिस्टर, मी घरी असते तेव्हा मीच बनवते, १८० पाण्याला ६ सपाट चमचे, डब्यावर लिहिल्याप्रमाणे ३० ला एक. पण दिवसाची बाटली मुख्यतः आबाच बनवतात, मी घरून काम करत असले तरी. ते फार नीटनेटके आहेत, सगळं उकळतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराची साथ आली, तेव्हापासून आमच्या घरात पाणी उकळणं हा धर्म झालाय. तरी उद्या बघते.

निवृत्त सिस्टर

सांगू नका, विचारू नका, नुसतं बघा.

चिऊची आई (दोन दिवसांनी)

बघितलं. कपाळाला हात लावला.

आबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरकीपर होते. आयुष्यभर माप काढलं. त्यांनी आधी बाटलीत पावडर टाकली, सात चमचे आणि प्रत्येक चमचा शिगोशीग भरलेला. मग त्यावर १८० च्या खुणेपर्यंत पाणी ओतलं. मी म्हटलं, "आबा, चमचा सपाट घ्यायचा असतो." तर म्हणाले, "नातीला दूध द्यायचंय की रेशन? शीग काढून माप देतो तो वाणी." सातवा चमचा कसला, तर तो "अंगी लागावा म्हणून".

मी काही बोलले नाही. माझ्याच डोळ्यात पाणी आलं, कारण तीन महिने मी हे बघितलं नव्हतं.

निवृत्त सिस्टर

तुम्ही रडू नका आणि आबांना रागावू नका. घरोघरी हे चालतं, कुठे घट्ट तर कुठे डबा पुरवायचा म्हणून पातळ. दोन्ही वाईट.

घट्ट दुधात काय होतं ते समजून घ्या म्हणजे आबांना सांगता येईल. पाण्याच्या मानाने क्षार आणि प्रथिनं जास्त जातात, ती बाहेर टाकायला बाळाच्या मूत्रपिंडाला जास्त पाणी लागतं. शरीर ते शीमधून ओढून घेतं, म्हणून खडा. आणि बाळाला तहान लागते. तहान लागली की ते रडतं. रडलं की तुम्ही काय देता? अजून एक घट्ट बाटली. तुमची सातवी बाटली बहुतेक तहानेची आहे.

आता करायचं ते असं. आधी पाणी मोजून घ्यायचं, मग पावडर. चमचा त्याच डब्यातला, कारण प्रत्येक कंपनीचा चमचा वेगळा असतो. सुरीच्या सपाट पाठीने शीग काढायची. पाणी खळखळून उकळलेलं आणि उकळून अर्ध्या तासाच्या आतलं, म्हणजे सत्तर अंशांच्या वर, कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते. मग बाटली बंद करून नळाखाली धरून कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. पिऊन उरलेलं दूध ठेवायचं नाही, आबांना कितीही जिवावर आलं तरी.

जेवणाबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-चार घोट, वाटीने किंवा छोट्या पेल्याने. वरणभातावर लिंबाचे दोन थेंब पिळा, त्याने डाळीतलं लोह अंगी लागतं. अंडं खात असाल तर पूर्ण शिजवलेलं द्या. लोहाच्या औषधाचं डॉक्टरांना विचारा, सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि सिरप असतं. ते दुधाबरोबर देऊ नका. शी काळपट झाली तर घाबरू नका. मात्र शीत रक्त, पोट फुगणं, हिरवी उलटी किंवा शू कमी होणं यातलं काहीही दिसलं तर धाग्यावर विचारत बसायचं नाही, थेट दवाखाना.

हडपसरचा नवबाप

आमचा आठ महिन्यांचा. हा धागा वाचून आत्ता स्वयंपाकघरात जाऊन चमचा बघितला. आमचा चमचा जुन्या डब्यातला आणि डबा दुसऱ्या कंपनीचा. सिस्टर, पाया पडतो.

आणखी एक विचारायचं होतं. वर्षानंतर ते वरच्या नंबरचं डब्याचं दूध लागतं का? व्हॉट्सॲपवर सारखी ऑफर येते.

निवृत्त सिस्टर

निरोगी बाळाला लागत नाही. वर्षानंतर घरचं जेवण आणि दिवसाला ३५०-४०० मिलि साधं दूध पुरे. आणि ऑफर पाठवणाऱ्याला विचारा, दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाची, बाटल्यांची आणि तयार खाण्याची जाहिरात आपल्याकडे कायद्यानेच बंद आहे ना? १९९२ चा कायदा, २००३ मध्ये आणखी कडक केलेला.

चिऊची आई (तीन आठवड्यांनी)

मंडळी, कळवायला उशीर झाला.

आबांना मी काही सांगितलंच नाही. डबा आणि चष्मा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी मागची बाजू दोनदा वाचली, उठले आणि त्या दिवसापासून सुरीच्या पाठीने शीग काढतात. रात्री उशिरा मला म्हणाले, "सूनबाई, तीस वर्षं दुसऱ्यांच्या मापात चूक काढली मी." पुढे काही बोलले नाहीत. मीही नाही.

माप नीट झाल्यावर तीन-चार दिवसांत खडा गेला. सातवी बाटली आपोआप बंद झाली, सिस्टरांचं तहानेचं निदान अगदी बरोबर होतं. रात्रीच्या बाटल्या तोडताना दोन रात्री घर डोक्यावर घेतलं तिने, तिसऱ्या रात्री मीच मध्ये उठून घड्याळ बघितलं, ती झोपलेली. एक बाटली अजून पहाटे पाचला मागते. ती राहू दे सध्या, माझ्यातही अजून जोर नाही.

जेवणाचं म्हणाल तर सगळे दिवस सारखे नाहीत. दात येत होते तेव्हा आठवडाभर पुन्हा तोंड मिटलं. गुरगुट्या भात आणि लाल भोपळ्याची भाजी मात्र हमखास जाते. सासूबाईंनी चमचा बाजूला ठेवून हाताने भरवायला सुरुवात केली आणि हाताचा घास ती घेते, चमच्याचा नाही. सासूबाईंचा रुबाब सध्या विचारू नका. मावशी, कावळाही लागू पडला, फक्त आमच्याकडे पारवे आहेत.

आबांनी जुन्या आवक-जावक रजिस्टरमध्ये चिऊचं पान उघडलंय. हिंजवडीहून आले की मी आधी ते वाचते. कालची नोंद अशी: दूध ५४० मिलि. शी एक, मऊ. वरणभात पाऊण वाटी, भिंतीवर उडालेला वजा जाता.