व्हेंडर पॅनेलची नोटीस आणि पंपाखालची बादली

ए-४०३: सेक्रेटरी साहेब, बोर्डावर 'व्हेंडर पॅनेल योजना' चिकटवलीय. पॅनेल म्हणजे सोसायटीने नोंदवलेल्या कामवाल्यांची यादी, आणि पहिल्या तारखेपासून तिच्याबाहेरच्या कुणालाही काम नाही. मग पंपाचं काय? ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, पाणी ठिबकतंय, खाली बादली लावलीय आणि ती दिवसातून तीनदा मीच ओततेय. प्लंबरदादा काल आले होते, त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. "आधी फॉर्म भरा" म्हणे.

सेक्रेटरी: नमस्कार ताई 🙏 योजना सगळ्यांच्या हिताची आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं आठवतंय ना? गळती पुन्हा सुरू झाल्यावर हमीचा कागद शोधत बसलो, कुणाकडेच नव्हता. आता नोंदणी, हमी, जुन्या कामांचा अनुभव, सगळं एका फाइलमध्ये राहील.

सी-१०१: माझा प्रश्न एकच. व्हेंडर कोण निवडणार, काम कोण तपासणार, बिल कोण पास करणार? नोटिशीत तिन्ही ठिकाणी 'सेक्रेटरी' लिहिलंय.

बी-५०४: पॅनेल वाचून मला वाटलं सोलर आलं 😄

सी-३०३: त्याचंही घ्या मनावर. दोन मीटिंगा झाल्या त्यावर.

ए-४०३: सोलर राहू द्या हो. बादलीचं बोला.

ए-१०२: फॉर्ममधला ७ नंबरचा रकाना कुणी टाकला? 'सोसायटीतील सदस्याशी नातं आहे का?' म्हणजे माझ्या मावसभावाने जिना रंगवला त्याचाच राग ना? स्पष्ट बोला की.

खजिनदार: तुमचा विषय नाही हा. नातं असलं तर काम देणार नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. नातं आधी सांगायचं आणि त्या कामाचा निर्णय होताना त्या सदस्याने मत द्यायचं नाही. मला स्वतःलाही तेच लागू.

ए-१०२: ठीक आहे. पण जिन्याचा रंग अजून टिकलाय, तेही लिहा कुठेतरी.

सी-३०३: एवढं कशाला? तीन कोटेशनं मागवा, सगळ्यात स्वस्त त्याला काम. अ‍ॅपवर दोन मिनिटांत होतं.

बी-५०४: अ‍ॅपवर गाडी नीट लावायचीही सोय आहे का बघ जरा. कालही तुझं मागचं चाक माझ्या जागेत होतं.

सी-३०३: वितभर होतं काका. वेगळा मेसेज करा ना.

सी-१०१: पुन्हा विचारतो. निवडणार कोण, तपासणार कोण, बिल पास करणार कोण?

बी-२०२: मी सत्तावीस वर्षं खरेदी खात्यात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मेसेज लांब होईल, पण पूर्ण वाचा.

पॅनेल हवंच, त्यात मी सेक्रेटरींच्या बाजूने आहे. पण स्वस्त तोच चांगला, हे डोक्यातून काढा. १९६६ साली डिक्सन नावाच्या अभ्यासकाने अमेरिका आणि कॅनडातल्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारून पुरवठादार निवडीच्या २३ निकषांचा क्रम लावला. पहिला दर्जा, दुसरा वेळेवर पुरवठा, तिसरा आधीची कामगिरी. किंमत सहावी. रोज खरेदी करणाऱ्यांनी लावलेला क्रम आहे हा.

दुसरं, वॉटरप्रूफिंगच्या वेळी कोटेशनं तीन होती, पण कामं तीन वेगळी होती. मी ते कागद पाहिलेत. एकाने लेपाचे दोन कोट धरले होते, दुसऱ्याने तीन, आणि तिसऱ्याने जुना थर खरवडणं धरलंच नव्हतं. आपण नुसत्या बेरजा शेजारी ठेवल्या आणि तिसरा निवडला. आधी कामाचा तपशील आपण लिहायचा, तोच कागद तिघांना द्यायचा. नाहीतर तीस कोटेशनं आणलीत तरी उपयोग नाही.

सी-३०३: काकू, हे माहीत नव्हतं. खरंच.

सेक्रेटरी: त्या वेळी मीटिंगला चारच जण आले होते, हेही लक्षात असू द्या. घरी बसून चुका काढणं सोपं असतं.

बी-२०२: त्या चारांत मी होते. तेव्हा बोलले नाही, ही माझीही चूक.

सेक्रेटरी: तुम्हाला उद्देशून नव्हतं काकू 🙏 फॉर्म आमच्या कंपनीतला घेतला. आयएसओ ९००१ ला, म्हणजे दर्जा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाला, धरून आहे, म्हणून वाटलं चांगलाच असेल.

बी-२०२: त्याच्या २०१५ च्या आवृत्तीतलं कलम ८.४ वाचा. पुरवठादाराला पारखून निवडा, कामावर लक्ष ठेवा, पुन्हा पारखा, नोंद ठेवा. आणि नियंत्रण किती कडक, ते त्या कामाचा आपल्यावर काय परिणाम होऊ शकतो त्यावरून ठरवा. लिफ्टवाल्याला आणि नळाचा वायसर बदलणाऱ्याला एकच अकरा पानी फॉर्म द्या, असं तिथे नाही. आपण तीन वर्षांचा ताळेबंद मागतोय. पिशवीत पाने-पकडी घेऊन फिरणारा एकटा माणूस तो कुठून आणणार?

ए-४०३: हेच म्हणतेय मी! एकदा रात्री अडीचला टाकीतला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपच्या तळाची झडप, तुंबला होता, तेव्हा प्लंबरदादाच कंबरभर पाण्यात उतरले होते. टॉर्च दातात, दोन्ही हात पाण्याखाली. वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. त्यांना गेटवरून परत पाठवायचं? मला रात्री झोप लागली नाही.

बी-५०४: त्या रात्री मी दोर धरला होता. चेष्टा बाजूला ठेवतो. ते पॅनेलवर नसतील तर माझं या योजनेला मत नाही.

खजिनदार: माणूस चांगला आहेच, पण मलाही बोलू द्या. त्यांच्या बिलावर नुसतं 'सामान व मजुरी' असतं. हिशेब तपासताना मला उत्तरं द्यावी लागतात. आणि ते शिडीवरून पडले तर जबाबदारी कुणाची? विमा कुणाचाच नाही. अजून एक. मागच्या महिन्यात मेसेज आला, "आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट नव्या खात्यात करा." नाव आपल्या लिफ्टवाल्यांचंच. मी मेसेजमधल्या नंबरवर फोन न करता जुन्या वहीतल्या नंबरवर केला. ते म्हणाले, खातं बदललेलंच नाही. अर्धं बिल भरलं गेलं असतं. म्हणून नोंदणी हवी.

सी-१०१: शाब्बास. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

सेक्रेटरी: सी-१०१, सकाळपासून तेच तेच पाठवताय. मी पळून जातोय का?

सी-१०१: उत्तर आलं की थांबेन. तुमच्यावर संशय नाही. उद्या तुमच्या जागी दुसरा कुणी येईल, तेव्हाही हाच कागद राहणार आहे.

बी-२०२: त्यांचं बरोबर आहे. निवड तिघांच्या उपसमितीने करावी. काम झाल्याची सही ज्या विंगचं काम तिथल्या सदस्याने. खजिनदारांनी ऑर्डर, झालेलं काम आणि बिल, तिन्ही जुळवून मगच पैसे सोडावेत. नव्या माणसाला आधी लहान काम द्या. मोठ्या कामात थोडी रक्कम हमीची मुदत संपेपर्यंत हातात ठेवा. कुणाला काढायचं झालं तर कारण लेखी कळवून त्याचं म्हणणं ऐका. आणि पाणी, लिफ्ट, वीज बंद पडली तर पॅनेल बघत बसू नका. मिळेल त्याला बोलवा, नोंद दुसऱ्या दिवशी करा.

सेक्रेटरी: मान्य. ही नोटीस आज बोर्डावरून उतरवतो, सुधारून लावतो. लहान कामांसाठी एक पानी मराठी फॉर्म करतो. सी-१०१, तुम्ही उपसमितीत या.

सी-१०१: येतो. पण मिनिट्समध्ये लिहा.

ए-१०२: आणि जिन्याचा रंग?

खजिनदार: जुन्या कामांच्या यादीत पहिलीच नोंद करतो. झालं?

सी-३०३: प्लंबरदादांचा फॉर्म मी भरून देतो. रविवारी खाली ऑफिसात त्यांच्याजवळ बसतो. बिल कसं लिहायचं तेही दाखवतो. विम्याची माहितीही काढतो.

सेक्रेटरी: गेटवर फोन केलाय. दादांना आत्ताच बोलावलं. ग्लँडची डोरी घेऊन अर्ध्या तासात पोचतात.

ए-४०३: आभारी आहे. तोपर्यंत कुणीतरी खाली जा. मी बाहेर आहे आणि बादली आत्तापर्यंत भरली असणार.

बी-५०४: निघालो.