'स्टँड बाय' म्हणजे पाठीशी उभं राहणं की नुसतं बघत राहणं?

सागरवेळ:
काल भाच्याचं इंग्रजी घेताना अडकलो. 'स्टँड बाय हिम' म्हणजे त्याच्या पाठीशी उभा राहा, आणि 'डोंट जस्ट स्टँड बाय' म्हणजे नुसता बघत उभा राहू नकोस. तो म्हणतो मामा, एकदा मदत करायची आणि एकदा काहीच नाही करायचं, शब्द मात्र तेच? माझं मत, जिथे शब्दावर जबाबदारी असते तिथे हा वापरूच नये. २९ सप्टेंबर २०२० ला बायडनसोबतच्या डिबेटमध्ये ट्रम्प प्राउड बॉइज या अमेरिकेतल्या अतिउजव्या गटाला 'स्टँड बॅक अँड स्टँड बाय' म्हणाले, म्हणजे मागे सरा की तयारीत राहा यावरून केवढा गदारोळ झाला, त्या गटाने तर तेच शब्द लोगोत टाकले, दुसऱ्या दिवशी ट्रम्पनी 'स्टँड डाउन', म्हणजे माघार घ्या, म्हटलं पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

कोरीपाटी:
अजिबात पटलं नाही. पुढे कर्म आहे का ते बघा ना. माणूस असेल तर त्याच्या पाठीशी, स्वतःचं विधान असेल तर त्यावर ठाम. कर्मच नसेल तर थांबणं. ट्रम्पच्या वाक्यात कर्म नाही, तिथे वाद व्याकरणाचा नव्हता, बोलणाऱ्याच्या मनात काय आहे याचा होता.

सागरवेळ:
अहो पण कर्म नसताना पण दोन अर्थ उरतातच, सज्ज राहा आणि बघ्याची भूमिका घ्या. खरी टक्कर त्यांचीच आहे.

रनवे२७:
विमानाच्या रेडिओवर हाच शब्द रोज चालतो. तिथे अर्थ ठरवून दिलाय, थांबा, मी तुम्हाला कॉल करतो. ती परवानगी पण नाही आणि नकार पण नाही. पायलटने त्याला होकार समजून पुढे जायचं नसतं. म्हणजे शब्द वाईट नाही, अर्थ आधी ठरलेला पाहिजे.

ओटीवरची:
आणि आपल्याकडे काय आहे? पाठीशी उभा राहिला, निवडणुकीला उभा राहिला, उभं पीक आडवं झालं, उभा जन्म गेला, दोघांत उभा दावा. एकाच 'उभा'त आधार पण आणि वैर पण, आणि आपण कधी गोंधळलोय का? भाच्याला अर्थांची यादी देऊ नका, वाक्यं द्या भरपूर.

सागरवेळ:
ताई, 'पाठीशी' आणि 'दावा' हे सोबतचे शब्दच वेगळे आहेत की, म्हणून आपण चुकत नाही. इथे 'बाय' पण तोच राहतो. वाक्यांचं मात्र मान्य, आज संध्याकाळी वीस वाक्यं काढून त्याच्यासोबत बसतो.