मदत हवी आहे: गिरगावातलं ग्रेड तीनचं हेरिटेज घर पाडायचं नाही, टीडीआर (न वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा हक्क) मिळेल का?

आमचं मुंबईत गिरगावात तळमजला अधिक एक असं जुनं घर आहे. सागवानी जिना, मंगलोरी कौलं, रस्त्याकडे लाकडी कठड्याची गॅलरी. हेरिटेज यादीत ग्रेड तीनमध्ये आहे (ग्रेड एक सगळ्यात महत्त्वाची). जागा मालकीची, भाडेकरू एकही नाही, त्यामुळे उपकराचा (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा कर) किंवा म्हाडाचा प्रश्न येत नाही. तिन्ही भावंडांचं एकमत आहे: घर ठेवायचं. पण वासे कुजलेत, गॅलरीचा एक खांब टेकूवर उभा आहे आणि दुरुस्तीचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर गेलाय.

डीसीपीआर २०३४ (मुंबईची बांधकाम-विकास नियमावली) मधला हेरिटेज वास्तूंबद्दलचा नियम ५२ वाचला. वास्तू जपण्यासाठी बांधकामाचा हक्क सोडावा लागला तर टीडीआर आणि घर सांभाळायची हमी दिली तर निवासी जागेचा व्यावसायिक वापर, अशा दोन्ही सवलती त्यात आहेत, असं मला समजलं. वॉर्ड ऑफिसात दोनदा जाऊन आलो, दोन वेगळी उत्तरं मिळाली. आर्किटेक्ट म्हणतात, ग्रेड एक-दोनला टीडीआर सोपा, तीनला अवघड, कारण ग्रेड तीनमध्ये पुनर्विकासाला वाव असतो. बिल्डर नको, कृपया तो सल्ला देऊ नका.

ग्रेड तीनच्या घरासाठी कुणी प्रत्यक्ष टीडीआर मिळवलाय का? आधी हेरिटेज समितीकडे दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा, की टीडीआरचा अर्ज सोबतच द्यायचा? आणि खाली छोटं कॅफे काढलं, तर टीडीआरवरचा हक्क जातो का?